आठल्ये बाई, मी नकाशांच्या खोलीत होतो

बाकावर बोललेलं बाकावरच ठेवायचं, हा तुमचा एकुलता एक नियम होता आणि तो मी, बावन्न वर्षांच्या माणसाने, स्टाफरूममध्ये साबुदाण्याची खिचडी खाता खाता मोडला.

सुरुवातीलाच सांगून टाकलं. नाहीतर मी इकडून तिकडून फिरवत नेतो, वाटेत चार माणसांना हसवतो आणि मुद्दा येईपर्यंत घंटा होते, हे तुम्हाला माहीत आहे. तुम्ही एकदा म्हणाला होतात, "लोंढे सर, तुम्ही मुद्द्याला पाहुण्यासारखं वागवता. आला की आधी बसवता." तेव्हा आज बसवत नाही.

तुम्हाला जाऊन सतरा दिवस झाले. शाळेने शोकसभा घेतली. तुम्ही असतात तर मधेच उठून सातवीचा तास घ्यायला गेला असतात. व्यासपीठामागे फ्लेक्स होता. त्यावर तुमचा ओळखपत्रावरचा फोटो एवढा मोठा करून लावला होता की तुम्ही अख्ख्या सभेला डोळे वटारून बघताय असं वाटत होतं. तेवढंच काय ते त्या सभेत खरं होतं. खाली लिहिलं होतं, 'शांतिदूत'. दोन्ही बाजूंना पांढरी कबुतरं. कबुतरं! गॅलरीत कबुतरं शिरू नयेत म्हणून तुम्ही जाळी ठोकून घेतली होतीत आणि तरी एक शिरलं तेव्हा लाटणं घेऊन मागे धावला होतात, हे तुम्हीच मला सांगितलंत.

संस्थेचे अध्यक्ष म्हणाले, "आठल्ये मॅडमनी या शाळेतली भांडणं कायमची संपवली." त्याच वेळी मागच्या रांगेत सहावीतले दोघं एका खुर्चीसाठी एकमेकांना कोपरं मारत होते. मग त्यांनी जाहीर केलं की तुमच्या नावाने 'शांती कक्ष' उभारणार. काचेचं दार, एसी आणि बसायला बीन बॅगा. टाळ्या. भांडणाऱ्याला टणक जागा द्यावी म्हणजे तो लवकर मुद्द्यावर येतो, हे ज्यांचं मत, त्यांच्या नावाने बीन बॅगा!

त्यानंतर मी बोललो. ते पुढे सांगतो, कारण ते अध्यक्षांपेक्षा लाजिरवाणं आहे.

ज्यांनी हा बाक पाहिलेला नाही त्यांच्यासाठी दोन ओळी लिहितो. तुम्ही सोडून द्या, तुम्हाला पाठ आहे. आमच्या कर्वेनगरच्या शाळेत दुसऱ्या मजल्यावर, प्रयोगशाळेच्या बाहेर, एक पाय दुसऱ्याच लाकडाचा असलेला जुना बाक आहे. त्याच्यासमोर तसाच दुसरा. शेजारी बिस्किटांचा पत्र्याचा डबा. ज्याचं कोणाशी वाजलं असेल त्याने चिठ्ठीवर नावं लिहून डब्यात टाकायची. मधल्या सुट्टीत एका बाकावर सातवीतले दोन मध्यस्थ, समोर भांडणारे दोघं. एकाने बोलायचं. दुसऱ्याने ऐकलेलं परत सांगायचं, पहिला 'हो, हेच म्हणालो' म्हणेपर्यंत. मग उलट. निवाडा नाही, शिक्षा नाही, मुख्याध्यापिका नाहीत. पुढे काय करायचं ते शेवटी दोघांनी ठरवायचं. मोठ्या माणसाने चार हात लांब खुर्ची टाकून बसायचं आणि तोंड बंद ठेवायचं. हे काम तुम्ही मला दिलंत. इतकी वर्षं गणित शिकवलेल्या बाईचा अंदाज इतका चुकावा?

मी त्याला 'बालन्यायालय' म्हणायचो. तुमच्या पाठीमागे म्हणायचो असं नाही, समोरच म्हणायचो. मला ते सगळं थोतांड वाटायचं. बारा वर्षांची पोरं, शर्टाच्या बाहीला नाक पुसणारी, ती काय भांडणं सोडवणार? आम्ही लहानपणी शाळेमागच्या पटांगणात एकमेकांचे शर्ट फाडले आणि संध्याकाळी एकाच गाडीवर भेळ खाल्ली. यावर तुम्ही विचारलंत, "त्यातल्या किती जणांशी आज बोलता?" मी मोजायला लागलो. एकाशीही नाही. तुम्ही पुढे काही विचारलं नाहीत, तपासलेल्या वह्यांचा गठ्ठा उचलून निघून गेलात. वाद असा अर्धवट टाकून जाण्याची तुमची खोड तेव्हापासूनची.

आठवतं, आपल्याला दोघांना संस्थेने कर्वे रस्त्यावरच्या हॉटेलात कार्यशाळेला पाठवलं होतं? टाय लावलेला एक तरुण आला होता. प्रत्येक वाक्यात तीनदा 'एम्पथी' म्हणायचा आणि ती कुठून आणायची ते एकदाही सांगायचा नाही. त्याने सगळ्यांना गोलात उभं केलं आणि लोकरीचा गुंडा फेकायला सांगितला. ज्याच्याकडे येईल त्याने धागा धरून एक भावना सांगायची आणि गुंडा पुढे फेकायचा. म्हणजे शेवटी नात्यांचं जाळं तयार होतं. माझ्याकडे आला तेव्हा मी 'भूक' म्हणालो. तुमच्याकडे आला आणि थांबला.

"मॅम, पास करा ना," तो म्हणाला.

"चांगली लोकर आहे," तुम्ही म्हणालात. "किती गुंता केलाय."

आणि जागच्या जागी उभं राहून, पंधरा शिक्षकांच्या हातातून एकेक पदर सोडवत, तुम्ही ती सगळी लोकर गुंडाळलीत आणि पिशवीत घातलीत. रिक्षात म्हणालात, "निदान मुलाच्या मुलीला टोपी होईल."

पण तेवढ्यावर न थांबता, दुसऱ्याच दिवशी सकाळी आठ वाजता, तुम्ही तुमची स्वतःची कार्यशाळा घेतलीत. सातवीतली दहा मुलं, मी आणि तुम्ही. मला म्हणालात, "आपण दोघं भांडून दाखवू. विषय तुम्ही निवडा." मी निवडला, स्टाफरूममधली खिडकीजवळची खुर्ची. बाई, मी काय भांडलो! तुमचे सगळे मुद्दे खोडले, तुमच्या वाट्याची वाक्यंसुद्धा मीच म्हटली आणि ती हास्यास्पद करून दाखवली. मुलं खो खो हसली. मी घाम पुसत खाली बसलो.

"लोंढे सर जिंकले," तुम्ही मुलांना म्हणालात. "नापास."

मग फळ्यावर काही न लिहिता मुलांना विचारलंत, "मी काय म्हणत होते ते कोणाला आठवतंय?" कोणालाच आठवत नव्हतं. मलाही नाही. मी तुमचं एक वाक्यही पुरतं ऐकलं नव्हतं.

'सॉरी' या शब्दाचा तुम्हाला किती राग! मुलं बाकावर बसल्याबरोबर 'सॉरी' म्हणून सुटायला बघायची आणि तुम्ही मध्यस्थांना शिकवून ठेवलं होतंत की तो शब्द आला की 'देव तुझं भलं करो' म्हणायचं, शिंक आल्यावर इंग्रजीत म्हणतात तसं. "सॉरी ही शिंकच आहे," तुम्ही म्हणायचात. "शिंकणाऱ्याला बरं वाटतं. समोरच्याने तोंड पुसायचं." कोणी शांततेबद्दल बोललं तरी तुमचं डोकं फिरायचं. "शांतता तर तुपे शिपाई पण आणतो, घंटा वाजवून. मला नीट भांडणारी पोरं पाहिजेत." आणि त्या माणसांनी तुमच्या फोटोच्या दोन्ही बाजूंना कबुतरं लावली.

असो. खिचडी.

त्या दिवशी तुम्ही कुठल्याशा सरकारी प्रशिक्षणाला गेला होतात. खुर्चीवर मी एकटा. बाकावर सातवीतले दोघं मित्र आले. एकाच्या कपाळावर टेंगूळ, दुसऱ्याने कंपासपेटी फेकून मारलेली. मारणाऱ्याचं नाव मी इथे घालत नाही. तेवढं शिकलोय. मध्यस्थांत ईश्वरी होती, ती दोन वेण्यांची, जी हजेरी देतानाही 'उपस्थित' असं म्हणते.

मारणारा आधी कंपासपेटीची उघडझाप करत बसला. मग बोलला. त्याला वाचता येत नाही. अक्षरं ओळखतो, लिहितो कशीबशी, पण ओळ समोर आली की सगळं एकमेकांत घुसतं. इतकी वर्षं त्याने कोणाला कळू दिलं नव्हतं. हा मित्र रोज बसमध्ये दुसऱ्या दिवशीचा धडा त्याला वाचून दाखवायचा आणि तो एकदा ऐकून पाठ करायचा. पेपरातही शेजारी हाच. आता मित्र म्हणत होता, क्रिकेटमध्ये मला पहिली बॅटिंग दे, नाहीतर सांगेन सगळ्यांना.

बाई, मी त्याचा मराठीचा शिक्षक. दोन वर्षं मी त्याला धडा वाचायला उभं करत होतो, कारण त्याच्यासारखं वाचन वर्गात कोणाचं नव्हतं. तो योग्य जागी थांबायचा, योग्य जागी पान उलटायचा. मी म्हणायचो, "वाचावं तर असं!" मराठी भाषा दिनाला मी त्याला व्यासपीठावर चढवला, हातात पुस्तक देऊन. पाहुणे माझ्या पाठीवर थाप मारून गेले. आणि तो पुस्तकाकडे नुसता बघत होता.

खुर्चीवर बसल्या बसल्या माझ्या डोक्यात पहिल्यांदा काय आलं, तुम्ही ओळखाल. त्याची दया नाही. राग नाही. माझ्या डोक्यात आलं, काय किस्सा आहे!

तुम्ही परत यायच्या आधी, दुसऱ्याच दिवशी, स्टाफरूममध्ये मी तो सांगितला. आणि छान सांगितला. स्वतःला पुरता मूर्ख ठरवला. मी कसा डोळे मिटून मान डोलवायचो, पाहुण्यांसमोर कसा फुगलो होतो, सगळं नकलेसकट. पी.टी.च्या सरांना ठसका लागला. हिंदीच्या मॅडम तर डोळे पुसत होत्या. त्या मॅडमची मुलगी त्याच वर्गात आहे, हे मला माहीत होतं. किस्सा रंगात आल्यावर असल्या गोष्टी कोण लक्षात ठेवतो?

पुढच्या सकाळी वर्गात एका पोराने त्याच्यासमोर वेफर्सचं रिकामं पाकीट धरलं. "वाच रे, काय काय घातलंय यात." मग दुसऱ्याने बसचं तिकीट. तिसऱ्याने मराठीचं पुस्तक, उलटं. तो चार दिवस शाळेत आला नाही.

तुम्ही आलात आणि आवाज चढवला नाहीत. पुण्यात चढवत नाहीत. पंधरा वर्षं तुम्ही मला 'तुम्ही' म्हणत होतात. त्या दिवशी 'आपण' म्हणालात आणि मला कळलं, गेलो.

"आपण फार छान सांगितलंत म्हणे."

"बाई, मी स्वतःवर हसत होतो. विचारा कोणालाही. सगळा विनोद माझ्यावर होता."

"हसा ना. जन्मभर हसा. पण सामान स्वतःचं वापरा."

"माझा हेतू..."

"आपला हेतू टाळ्यांचा होता," तुम्ही म्हणालात. "त्याचं काही नाही, प्रत्येकाला काहीतरी लागतं. कोणाला तंबाखू लागते."

त्यानंतर तुम्ही मला काही सुनावलं नाहीत. डब्यातली एक चिठ्ठी दाखवलीत. त्या पोराने टाकलेली. अक्षरं अशी की कोणी चालत्या बसमध्ये लिहिली असावीत. वर त्याचं नाव, खाली 'लोंढे सर'. तुम्ही म्हणालात, "गुरुवारी मधली सुट्टी." चिठ्ठी परत डब्यात टाकलीत.

तीन दिवस मी तुमच्याशी वाद घातला. उद्या कोणीही उठून शिक्षकाला बाकावर बोलावेल. शिस्त म्हणून काही राहणार नाही. मी त्याच्याशी खाजगीत बोलेन. मी त्याला पुस्तकं आणून देईन. (पुस्तकं, बाई. मी पुस्तकं म्हणालो.) तुम्ही सगळं ऐकून घेतलंत आणि दर वेळी माझंच वाक्य मला परत सांगितलंत: "म्हणजे तुम्हाला भीती वाटतेय असं तुम्ही म्हणताय." मी चिडून म्हणालो, मी असं म्हणालोच नाही. "मग पुन्हा सांगा," तुम्ही म्हणालात. तो वाद तिथेच राहिला. आपला शेवटचा.

गुरुवारी मधल्या सुट्टीत मी कुठे होतो हे तुम्ही मला कधी विचारलं नाहीत. आज सांगतो. मी तळमजल्यावर नकाशांच्या खोलीत होतो. आतून कडी घातली नव्हती, तेवढीही हिंमत नव्हती. गुंडाळलेल्या नकाशांच्या मागे स्टुलावर बसून मी डबा खाल्ला. भेंडीची भाजी. पंधरा मिनिटांनी तुपे शिपाई आत आला.

"काय शोधताय सर?"

"आफ्रिका," मी म्हणालो.

"तुमच्या मागंच हाय की."

तो थोडा वेळ माझ्याकडे, डब्याकडे बघत राहिला. लोणी काळभोरहून रोज येऊन जाऊन करणारा माणूस, त्याने जगात बरंच पाहिलेलं. "जेवा जेवा," म्हणाला आणि दार ओढून घेऊन गेला. वर दोन मजल्यांवर तो पोरगा, ईश्वरी आणि तुम्ही पुरी सुट्टी बसून होतात.

त्यानंतर डब्यात नवी चिठ्ठी पडली नाही. कोण टाकणार चिठ्ठी? बाकावर बोललेलं खिचडीबरोबर वाटलं जातं, हे सगळ्या शाळेला कळलं होतं. तुम्ही मात्र रोज तिथे जाऊन बसायचात, डब्याशेजारी. मी जिन्यावरून बघायचो आणि मनात म्हणायचो, हट्टी बाई आहे. तीन महिने आपण एकमेकांशी हजेरीपत्रक आणि खडू यांपलीकडे बोललो नाही. भांडणं सोडवायला शिकवणारे शाळेतले दोन शिक्षक! या विनोदावर मी स्टाफरूममध्ये हशा मिळवू शकलो असतो. मिळवला नाही, एवढी एक गोष्ट माझ्या बाजूने लिहून ठेवा. नका ठेवू. हिंमत नव्हती म्हणून नाही मिळवला.

शाळा सुटल्यावर बसथांब्यावर तुम्ही दोघं उभे दिसायचात, तुम्ही आणि तो. मला वाटायचं, बस चुकली असेल. मग एकदा मी स्कूटर थोडी अलीकडे थांबवली आणि ऐकलं. बस वळणावर दिसली की तुम्ही म्हणायचात, "बोल." आणि ती समोरून जायच्या आत त्याने पाटी वाचायची. "वा... वाघो... वाघोली!" बस गेली. "उशीर झाला, पण बरोबर. पुढची." तुमच्या दोघांच्या घरची बस तीनदा येऊन गेली. तुम्ही चढला नाहीत. तुमचे गुडघे दुखायचे, मला ठाऊक होतं. मी त्याला दोन वर्षं टाळ्या दिल्या आणि तुम्ही त्याला पाट्या दिल्यात. मी स्कूटर वळवली आणि लांबच्या रस्त्याने घरी गेलो. तुमच्यासमोरून जायला नको म्हणून.

मग एका सकाळी शाळेच्या ग्रुपवर हात जोडलेली एकोणीस चित्रं एकाखाली एक आली. विसावं मी टाकलं.

आता शोकसभेतलं. मी लोकरीचा किस्सा सांगितला. सभा हसली. मग आवाज कुठे दाटून आणायचा ते मला बरोबर माहीत होतं, तिथे आणला. "आमच्यात एक छोटासा मतभेद राहून गेला," मी म्हणालो. छोटासा मतभेद! मुख्याध्यापिकांनी पदर डोळ्यांना लावला. खाली उतरल्यावर तिघांनी सांगितलं की कार्यक्रमातलं सर्वांत उत्तम भाषण माझंच. तो पोरगा तिसऱ्या रांगेत बसला होता. हसलाही नाही, रडलाही नाही. चालू पंख्याकडे बघावं तसं माझ्याकडे बघत होता.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मी वर गेलो. का गेलो याची उदात्त कारणं देता येतील, पण खरं सांगायचं तर अजून कोणीतरी माझं दुःख बघावं अशी इच्छा होती. ईश्वरी एकटी बाकावर बसली होती, डब्याशेजारी.

"सर, मोठी माणसं तिकडे बसतात," ती खुर्ची दाखवत म्हणाली.

"मी भांडणासाठी आलोय."

"कोणाशी?"

"बाईंशी," मी म्हणालो आणि डोळे भरून आणले. आणावे लागले नाहीत तसे, आलेच होते. "माझं त्यांच्याशी मिटायचं राहिलं, ईश्वरी. आता चिठ्ठी कोणाच्या नावाने टाकू?"

तिने डबा उघडला. आत एकच चिठ्ठी होती. ती तिने माझ्यासमोर धरली.

"ही आहे ना, सर. हिच्यावर बाईंचं नाव नाहीये." मग डबा मांडीवर घेत, "बाई म्हणाल्या होत्या, सर येईपर्यंत राहू दे आतच."

बाई, तुम्ही गेलात हे मला त्या क्षणी कळलं. सोळा दिवस... नाही, तेव्हा चौदा असतील, मी तुमच्या जाण्याला घट्ट धरून बसलो होतो, कारण तुमच्याशी असलेलं भांडण आता मला कोणी सोडवायला सांगू शकत नव्हतं. फार सोयीचं होतं ते. रडता येत होतं, भाषण करता येत होतं. आणि ज्याच्याशी खरं भांडण होतं तो खाली पटांगणात क्रिकेट खेळत होता.

ईश्वरी त्याला घेऊन आली. घामाने निथळत होता. समोर बसला. ती म्हणाली, "आधी चिठ्ठी टाकणाऱ्याने बोलायचं."

तो बाकाच्या कडेकडे बघत म्हणाला, "सरांनी सांगितलं तेव्हा सगळे हसले. सर पण हसले. मला आधी वाटायचं मी सरांना आवडतो."

"सर, आता तुम्ही. तो काय म्हणाला?"

मी सांगायला लागलो. त्याला किती वाईट वाटलं असेल, वर्गात काय काय झालं असेल, एक शिक्षक म्हणून माझी जबाबदारी...

"एवढं नाही म्हणाला तो," ईश्वरी म्हणाली.

मी पुन्हा सुरुवात केली. या वेळी थोडक्यात. पण 'गैरसमज' हा शब्द आला.

"ते पण नाही म्हणाला."

तिसऱ्यांदा मी एकेक शब्द उचलून ठेवला. "मी सांगितलं तेव्हा सगळे हसले. मी पण हसलो. तुला आधी वाटायचं की तू मला आवडतोस." माझा आवाज कुठेही दाटला नाही. दाटायला जागाच नव्हती त्या वाक्यांत.

"हो," तो म्हणाला. "हेच म्हणालो."

पंचवीस वर्षं मी मुलांना मराठी वाक्यं शिकवतोय. दुसऱ्याचं वाक्य त्यात काही न घालता पुन्हा म्हणणं इतकं अवघड असतं, हे मला त्या बाकावर कळलं. माझी पाळी आली तेव्हा मी एवढंच म्हणालो की मी गुरुवारी घाबरून लपलो होतो. त्याने ते जसंच्या तसं परत सांगितलं, एका दमात. ऐकून पाठ करण्यात त्याचा हात कोण धरणार? तुम्ही खुर्चीवर नव्हतात. ती मी दोनदा वळून पाहिली.

शेवटी ईश्वरीने विचारलं, "पुढे काय ठरवायचं?" मी 'सॉरी' म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. तो विचार करून म्हणाला, "माझ्याबद्दल कुठे काही सांगणार असाल, लिहिणार असाल, तर आधी मला दाखवायचं." मी हो म्हणालो. चिठ्ठी फाडायची पद्धत आहे. त्याने ती फाडून खिशात घातली.

म्हणून बाई, हे इथवर लिहून झाल्यावर मी काल कागद घेऊन त्याच्याकडे गेलो. म्हणालो, "तुझ्याबद्दल आहे. वाचून दाखवू?"

"नको," तो म्हणाला. "द्या. मी वाचतो."

त्याला कालची अख्खी मधली सुट्टी लागली आणि आजची निम्मी. ओळीखाली बोट धरून, ओठ हलवत. दोनदा मागे गेला. 'शोकसभा' पाशी अडला, मी सांगायला पुढे झालो, त्याने हात वर करून मला थांबवलं. मी समोर बसून होतो. कुठल्या ओळीवर आलाय ते कळत होतं, आणि हसायच्या जागी तो हसत नव्हता. लोकरीपाशी मात्र हसला. बसथांब्याचा परिच्छेद त्याने पुन्हा एकदा वाचला, यावेळी बोट न धरता.

मग कागद नीट जुळवून माझ्या हातात दिले.

"चालेल," म्हणाला. "नाव नाही घातलंत."

मी उठलो. तो बाकावरच होता, काहीतरी राहिल्यासारखा.

"पण सर," तो म्हणाला, "गेल्या बाई ना? मग सगळीकडे तुम्हीच कसे?"